रविवारी आत, सोमवारी बाहेर

सेनेन वायिनाने खेळायला लागल्यापासून चार माणसांचे पाय मोडले आणि चारही वेळा पंचाने साधा फाउलसुद्धा दिला नाही. त्यातला पहिला पाय चुकून मोडला. उरलेले तीन त्याने दुसऱ्याच्या सांगण्यावरून मोडले.

तो रेबोयालच्या संघाचा उजवा हाफ. मधल्या फळीतल्या माणसाने इकडून चेंडू घ्यावा, तिकडे द्यावा, डोकं वापरावं, असं शहरातले लोक म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या कोळशाच्या खोऱ्यात हाफचं काम एकच होतं. समोरच्या संघात जो कुणी नाचरा, चेंडूशी लाडीगोडी करणारा गडी असेल, त्याला पहिल्या दहा मिनिटांत खाली बसवायचं. चेंडू त्याच्या पायात असताना दोन्ही बूट पुढे करून चिखलातून घसरत त्याच्या नडगीवर जायचं. या कामाला आमच्याकडे म्हणत 'आत जाणे'. आणि सकाळी सहाला दिवा घेऊन पिंजऱ्यात उभं राहायचं, तीनशे मीटर खाली उतरायचं, त्यालाही 'आत जाणे'च म्हणत. दोन कामांना एकच शब्द होता आणि त्यावरून कधी कुणाचा घोटाळा झाल्याचं ऐकिवात नव्हतं. मैदानावरचा 'आत' मैदानावर कळायचा आणि खाणीवरचा खाणीवर.

सेनेनचा बाप युद्धाच्या शेवटी गेला. त्याला घरातून नेलं, चौकीत तीन दिवस मारलं आणि चौथ्या दिवशी गोणपाटात गुंडाळून आणून दारात टाकलं. सेनेन तेव्हा सात वर्षांचा. आईने अंग धुताना त्याला पाणी ओतायला लावलं होतं, त्यामुळे कुठलं हाड कुठे मोडतं हे त्याला शाळेत जायच्या आधीच ठाऊक झालं. चौदाव्या वर्षी तो खाणीत लागला, एकोणिसाव्या वर्षी संघात.

पहिला पाय मोडला तो किरिनो नावाच्या गड्याचा. शेळ्या राखणारा पोरगा, आठवडाभर डोंगरात पळायचा आणि रविवारी वेगामुएर्ता गावाकडून खेळायचा. सेनेन त्याच्यावर आत गेला, आणि वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. किरिनो ओरडलाही नाही, आपल्या पायाकडे बघत बसला, कारण पाऊल भलतीकडेच वळलं होतं. सेनेनने सीमारेषेवर जाऊन ओकारी केली. वेगामुएर्ताचे लोक छत्र्या घेऊन मैदानात उतरले, आमचे लोक पट्टे काढून उतरले, आणि पाऊण तास जी हाणामारी झाली तिच्यात पंचाचे दोन दात गेले. खेळ मात्र नंतर पुरा झाला. तेव्हा मॅच अर्धी टाकून जायची पद्धत नव्हती.

त्या आठवड्यात खाणीच्या डॉक्टरने सेनेनच्या छातीला नळी लावली. म्हणाला, "धूळ बसायला लागलीय. अजून दहा वर्षं आत गेलास तर पन्नाशी बघणार नाहीस." सेनेनने आजूबाजूचे पन्नाशीचे लोक आठवून बघितले. बोटांवर मोजण्याइतकेच होते, आणि तेही जिना चढताना दोनदा बसायचे.

आणि त्याच आठवड्यात उबाल्दो साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. हे खाणीचे मुख्य इंजिनिअर आणि संघाचेही अध्यक्ष. गोरा, नीटनेटका माणूस, कधी आवाज चढवला नाही. म्हणाले, "त्या शेळीवाल्याचं काम छान केलंस."

"चुकून झालं, साहेब."

"मग यापुढे ठरवून कर. हे बघ सेनेन, व्यवहार सरळ आहे. रविवारी तू आत जा, म्हणजे सोमवारी आत जायची गरज नाही."

त्यांनी त्याला दिव्यांच्या खोलीत बसवलं. खिडकीत उभं राहायचं, खाली जाणाऱ्याला दिवा द्यायचा, त्याचा पितळी बिल्ला खुंटीला लावायचा, वर आला की दिवा घेऊन बिल्ला परत द्यायचा. खोलीत शेगडी होती. हवा स्वच्छ होती. तेरा वर्षं सेनेनने ती खिडकी जिवापाड जपली आणि तेरा वर्षं दर रविवारी तिचं भाडं भरलं.

त्याचा खेळ वाईट होता असं कुणी समजू नये. दोन्ही पायांनी चाळीस मीटरवर चेंडू टाकायचा. एकदा त्याच्याच नडगीचं हाड पहिल्या अर्ध्यात चिरलं. बदली खेळाडू हा प्रकार तेव्हा नव्हताच. जखमी माणसाला बाजूच्या कडेला उभं करायचे, निदान अकरा डोकी तरी दिसावीत म्हणून. सेनेन पुढची चाळीस मिनिटं त्या कडेला एका पायावर लंगडी घालत राहिला आणि त्यातही समोरच्या बचावातल्या एकाला कोपराने लोळवलं. ते बघायला शहरातल्या मोठ्या संघाचा माणूस आला होता. त्याने पहिल्या श्रेणीचा करार पुढे केला. पण तेव्हा खेळाडू म्हणजे संघाच्या गोठ्यातलं जनावर. मालक दावं सोडेपर्यंत जायचं नाही. उबाल्दो साहेब म्हणाले, "नाही." नडगी जुळल्यावरच्या पहिल्या रविवारी सेनेन आत गेला आणि एका लोहाराचा पाय दोन ठिकाणी मोडला. त्या लोहाराने त्याचं काहीच वाकडं केलेलं नव्हतं.

घरी येऊन त्याने बायकोला, ओलिवाला सांगितलं. ती म्हणाली, "इंजिनिअरचा मोडायचा होतास." आणि दोन दिवस बोलली नाही.

हे सगळं बासष्ट सालच्या एप्रिलपर्यंत असंच चाललं. सेनेन बत्तीस वर्षांचा झाला, गुडघे सकाळी कुरकुरायला लागले, खोकला मात्र जागच्या जागी थांबला होता. हंगामातली शेवटची मॅच पेन्याकोर्बाशी होती. ती हरलो असतो तर आम्ही तिसऱ्या श्रेणीतूनही खाली घसरलो असतो. पेन्याकोर्बाकडे तिनो लावान्देरा नावाचा वीस वर्षांचा पोरगा होता. आठवडाभर पलीकडच्या खाणीत कोळसा फोडायचा, रविवारी माणसं फोडायचा, पण पायाला पाय न लावता. चेंडू त्याच्या बुटाला चिकटवल्यासारखा राहायचा. त्याचा बाप ओलिवाच्या थोरल्या भावाबरोबर एकाच वायूच्या स्फोटात गेला होता. दोघांना एकाच पेटीत पुरलं, कारण कुठला तुकडा कुणाचा ते कळेना.

शुक्रवारी उबाल्दो साहेब खिडकीशी आले. "पहिली दहा मिनिटं," एवढंच म्हणाले आणि हातमोजे घालत निघून गेले.

सेनेन बेचैन झाला. बाकीच्या तिघांना तो ओळखत नव्हता. तिनोला त्याने बापाच्या मातीला उभा असलेला बघितला होता, आईच्या परकराला धरून. ओलिवाशी बोलावं तर ती आठवडाभर आजारी आईकडे वरच्या गावात गेलेली. पाय मोडला नाही तर खिडकी जाते, मोडला तर आरशात बघायची सोय जाते. इकडे आड, तिकडे विहीर.

शनिवारी पाळी सुटली. ओलिवाचा धाकटा भाऊ आर्कादियो दिवा परत करायला आला. हा आणि सेनेन लहानपणापासूनचे मित्र, बहीण दिल्यावरही तोंडातलं 'तू' गेलं नव्हतं. मागे मुकादम नेमेसियो कान टवकारून उभा होता. आर्कादियोने दिवा खिडकीत ठेवला आणि तो दाखवण्याचं निमित्त करून आत डोकं घातलं.

"दाजी, हा जरा मंद जळतोय बघ." मग ओठ न हलवता म्हणाला, "आत जायचं नाही. कळलं? कुणी सांगितलं तरी नाही. तो इंजिनिअर स्वतः येऊन सांगेल. तरी नाही."

सेनेनचा हात थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचं ठरलंय. तुलाही लागू आहे. बास."

"काय कुजबुज चाललीय?" मागून नेमेसियो.

"काही नाही, मुकादम. उद्या किती गोलनी हरणार ते दाजीला विचारत होतो." आर्कादियो हसला, बिल्ला खिशात टाकून गेला.

इथे कुणी 'ध' चा 'मा' केला नव्हता. शब्द जसाच्या तसा कानात पडला होता. सोमवारपासून खोऱ्यातल्या सगळ्या खाणी बंद ठेवायच्या असं ठरलं होतं. कामगार थांबले की खालचे पाण्याचे पंप आणि गाड्या ओढणारे घोडे सांभाळायला वर काम करणाऱ्यांना खाली पाठवतात, म्हणून वरच्या प्रत्येक माणसाला तोच निरोप जात होता: आत जायचं नाही. सुतारांना गेला, कोळसा धुणाऱ्यांना गेला, सगळ्यांना बरोबर कळला. फक्त सेनेन असा एकच होता की ज्याचा 'आत' रविवारी असायचा. मी तेरा वर्षं खाणीत उतरलो नाही, मग मला खाणीचं कोण कशाला सांगेल? असा त्याने विचार केला. इंजिनिअरचं नाव निघालं, तिनोच्या बापाचं आर्कादियोच्या घराशी असलेलं नातं आठवलं, आणि त्याच्या डोक्यात गाठ पक्की बसली. तिनोला हात लावू नकोस, असं सगळ्या खाणीने सांगितलंय. त्याला इतकं हलकं वाटलं की त्याने त्या संध्याकाळी दोन बाटल्या सफरचंदाची दारू एकट्याने संपवली.

रविवारी मैदान काळं झालं होतं. कोळसा धुण्याच्या कारखान्याला लागूनच ते, पाऊस पडला की गवताऐवजी काळा राडा. भिंतीवर, झाडांवर, कारखान्याच्या पत्र्यावर माणसं. तिसऱ्या मिनिटाला पेन्याकोर्बाच्या मधल्या बचावपटूने सेनेनच्या नाकावर कोपर मारलं. नाक मोडलं. सेनेनने रक्त शिंकरलं आणि उभा राहिला. चौथ्या मिनिटाला तिनोकडे चेंडू आला.

"आत जा!" भिंतीवरून एकच ओरडा झाला.

सेनेन पायांवर उभा राहिला. त्याने चेंडू अडवायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला, पण सरळ उभ्याने तिनोकडून चेंडू काढणं म्हणजे मुठीत पाणी धरणं. पोरगा गेला आणि गोल झाला.

"आत जा, सेनेन! पाय गेले काय तुझे?"

दुसरा गोल अर्ध्या तासाने. आमच्या गोलीने, हेलासियोने, गोलातून धावत येऊन सेनेनच्या पेकाटात लाथ घातली, स्वतःच्या संघातल्या माणसाला, सगळ्यांदेखत. पंचाने बघून न बघितल्यासारखं केलं. मध्यंतरानंतर पेन्याकोर्बाच्या लोकांनाही चव लागली. त्यांनी सेनेनची बोटं बुटाखाली चिरडली, भुवई फोडली. तो कुणावर आत गेला नाही. सवयीने दोनदा गुडघे वाकले, दोनदा त्याने स्वतःला आवरलं. भिंतीवर आर्कादियो गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता, "आत जा! अरे नालायका, आत जा!" सेनेनला वाटलं, काय झकास नाटक करतोय मेव्हणा! साहेबांना संशय नको म्हणून. त्या फुटलेल्या तोंडाने तो मेव्हण्याकडे बघून हसलासुद्धा. आर्कादियोने त्याला दगड मारला. तोही नाटकातलाच असं सेनेनने धरलं, जरी तो खांद्याला लागला.

तिसरा गोल शेवटच्या मिनिटाला. तिनोचे दोन्ही पाय धड होते आणि आम्ही घसरलो.

कपडे बदलायच्या खोलीत हेलासियोने पत्र्याची बादली सेनेनच्या डोक्यात घातली. बाकीच्यांनी धरलं नाही. तो बाहेर आला तर म्हाताऱ्या बायकांनी छत्र्यांच्या मुठींनी पाठ सोलली, पोरांनी राडा फेकला. सेनेनने डोकं दोन्ही हातांत धरलं आणि चालत राहिला. मार त्याला नवा नव्हता. आर्कादियो मागून येऊन खांद्यावर हात टाकेल, असं मात्र त्याला प्रत्येक वळणावर वाटत होतं.

आले ते उबाल्दो साहेब. घराशी गाडी थांबवून काच खाली केली. "उद्या पाच वाजता. आत. पंपावर."

"साहेब, डॉक्टर म्हणाले होते की..."

"डॉक्टरला पगार मी देतो. तुलाही देत होतो. खिडकीसाठी दुसरा माणूस बघितलाय."

सेनेन आत जाऊन खुर्चीवर बसला. त्याला भीती वाटली. पायांची, हाडांची नाही, त्या धुळीची. पण घर कंपनीचं, चुलीतला कोळसा कंपनीचा. आणि हेही खरं की मनात कुठेतरी त्याला ताठ वाटत होतं. तेरा वर्षांत पहिल्यांदा तो आपल्या माणसांच्या शब्दाला जागला होता.

पहाटे तो बाजारातून गेलाच नाही. लोकांच्या तोंडी कोण लागणार? डोंगरामागच्या पायवाटेने वरच्या बोगद्याच्या तोंडाशी गेला. तिथे नेमेसियो आणि आणखी दोन मुकादम होते. खाली, खाणीच्या अंगणात, त्या वेळी सहाशे माणसं खिशात हात घालून उभी होती आणि एकही जण दिवा घ्यायला खिडकीशी जात नव्हता. सेनेनला वरून अंगण दिसत नव्हतं. खाली पंपापाशी त्याने एकदा विचारलं, "आज कुणाचा आवाज नाही?"

"येतील," नेमेसियो म्हणाला. "तू पंप बघ."

दुपारी दोनला तो बाहेर आला, त्याच पायवाटेने उतरला आणि गावाच्या तोंडाशी थबकला. वाटेवर मका पसरलेला होता. पिवळे दाणे, अगदी हाताने ओळीत टाकावेत तसे, त्याच्या दारापर्यंत गेलेले. दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या.

मका हे कोंबड्यांचं खाणं. बाकीचे बाहेर असताना जो आत जातो त्याच्या वाटेवर बायका मका टाकतात. शिवी द्यायला तोंडही खर्च करत नाहीत. सेनेनने दाण्यांकडे बघितलं, खाणीच्या अंगणाकडे बघितलं, कारखान्याच्या धूर नसलेल्या चिमण्यांकडे बघितलं, आणि एका क्षणात त्याला सगळं कळलं. शनिवारचा शब्दही कळला.

आर्कादियो आणि कोळसा फोडणारे दोघे जण त्याला काखेत धरून लाकडाच्या वखारीमागे घेऊन गेले. पहिला तडाखा कानावर बसला. दुसरा मोडलेल्या नाकावर. एकाने मागून हात धरले, दुसऱ्याने पोटात गुडघे घातले. सेनेनने हात उचलला नाही.

"तोंडाने सांगितलं होतं ना तुला?" आर्कादियो रडत होता आणि मारत होता. "सहाशे माणसांत एक कोंबडी निघाली, आणि तीही माझ्या बहिणीचा नवरा! काय सांगितलं होतं मी?"

"आत जाऊ नको," सेनेन म्हणाला. तोंडात रक्त होतं. "म्हणून नाही गेलो."

"वर तोंड करून खोटं बोलतोस?" आर्कादियो चार पावलं मागे गेला. दोघांनी सेनेनला वखारीच्या भिंतीला टेकवून उभं धरलं होतं. आर्कादियो धावत आला आणि दोन्ही जड बूट पुढे करून त्याच्या उजव्या गुडघ्यावर आत गेला. गुडघा उलट्या बाजूला वाकला.

सेनेन ओरडला तो आवाज कारखान्यापर्यंत गेला असेल. मग भुशात पडल्या पडल्या, श्वास मिळाला तसा, तो बोलायला लागला. "तिनोवर नाही गेलो आत. तीन गोल खाल्ले, आर्कादियो. तू म्हणालास सगळ्यांचं ठरलंय. तुझा शब्द पाळला म्हणून खिडकी गेली. त्याचीच शिक्षा म्हणून खाली पाठवलं."

दोघे मागे सरले.

"मी... दाजी, मी खाणीचं बोलत होतो."

"मी खाणीत जातो कधी?"

कोळसा फोडणारे दोघे एकमेकांकडे बघून निघून गेले. आर्कादियोने आपल्या दाजीचं ते लटकणारं अंग पाठीवर घेतलं आणि मागच्या वाटेने घरी आणलं. संध्याकाळच्या बसने ओलिवा आली, मक्यावरून चालत. सेनेनने तिला सांगितलं की अंधारात चार जण होते, चेहरे दिसले नाहीत. दुपारी दोनला अंधार कसला, हे तिने विचारलं नाही. भावाबरोबर बसून तिने त्या पायाला दोन फळ्या बांधल्या.

मंगळवारी सकाळी सार्जंट आला, दोन शिपाई आणि उबाल्दो साहेब. आर्कादियोला माळ्यावर चढायला जेमतेम वेळ मिळाला.

साहेब पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. "तू काल कामावर आलास, सेनेन. शंभर नंबरी माणूस. ज्याने हे केलं त्याचं एक नाव सांग. तो सुटणार नाही आणि खिडकी तुझी. मरेपर्यंत तुझी, लिहून देतो."

सेनेनला ती खिडकी हवी होती. खोटं कशाला बोला? काल आठ तासांत छातीत जी धूळ गेली होती ती त्याला अजून खोकल्यातून लागत होती. एका नावाने शेगडी, स्वच्छ हवा आणि म्हातारपण मिळणार होतं. आणि ज्याचं नाव द्यायचं त्याने हा पाय मोडलाच होता. अगदी न्यायाचं झालं असतं. तो छताकडे बघत राहिला. छताच्या फळीमागे आर्कादियो श्वास रोखून पडला होता.

"मॅचमध्ये लागलं," सेनेन म्हणाला.

"काय?"

"रविवारी. खेळताना."

सार्जंट हसला. "आणि त्या पायाने तू डोंगर चढलास? आठ तास पंप मारलास?"

"साहेबांना विचारा. हाड चिरल्यावर चाळीस मिनिटं खेळलोय मी."

सार्जंटने फळ्यांवर बूट ठेवला आणि सगळा भार दिला. फळी मोडली. सेनेनच्या तोंडून जे निघालं त्याला शब्द म्हणता येणार नाही, पण मग तो शब्दांत ओरडायला लागला, छताकडे तोंड करून, "मॅच! मॅचमध्ये! मॅचमध्येच!" माळ्यावरचा माणूस खाली उतरू नये म्हणून. ओलिवा चिमटा घेऊन धावली. शिपायाने बंदुकीचा दस्ता तिच्या बरगडीत घातला, ती चुलीशी कोसळली. सार्जंटने पुन्हा बूट ठेवला. तीनदा विचारलं, तीनदा तेच उत्तर आलं. चौथ्यांदा सेनेन शुद्धीवर नव्हता.

"घर कंपनीचं आहे," जाताना साहेब ओलिवाला म्हणाले, आवाज न चढवता.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. तो गुडघा परत कधी वाकला नाही. सेनेन पुन्हा खेळला नाही. खाणीतही गेला नाही, कारण खाली रांगावं लागतं आणि ताठ पायाचा माणूस रांगू शकत नाही. साहेबांनी हिरावलेली स्वच्छ हवा त्याला मेव्हण्याच्या बुटाने दिली, असं म्हणायला हरकत नाही. तो चांभारकाम शिकला आणि सत्तरी ओलांडून जगला. पण त्या मंगळवारी यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी फक्त एक मोडलेला माणूस, एक जाणारं घर आणि दारात कोंबडीचं खाणं होतं.

आर्कादियो माळ्यावरून उतरला. त्याने तोंडात धरलेला पट्टा दातांनी आरपार चावला होता. ओलिवा बरगडी धरून उठली, भावाच्या बुटांकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पायाकडे, आणि पाय कुणी मोडला हे तिला कुणी सांगायची गरज उरली नाही. तिने आर्कादियोच्या इतक्या जोरात मुस्काटात मारली की तो दारावर आदळला. तिथूनच त्याने शनिवारचा निरोप आणि त्याचा झालेला घोळ तिला सांगितला.

"एका शब्दासाठी?" ती म्हणाली. "दोन गाढवं! एका शब्दासाठी?"

दार उघडून आर्कादियो भर उजेडात बाहेर गेला. शिपाई गल्लीच्या टोकाला असतील नसतील, त्याने बघितलंही नाही. उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसला आणि मक्याचे दाणे एकेक करून टोपीत वेचायला लागला. समोरची एतेल्विना आजी, जिने हा मका स्वतःच्या हाताने टाकला होता, ती खिडकीतून ओरडली, "काय रे, तूही कोंबडी झालास?"

"आजी, कोंबडी मी एकटाच," तो म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "मी शब्द अर्धा टाकला. दाजीने तो पाळायला तीन गोल खाल्ले आणि मी त्याचा पाय मोडला. आत्ता तुम्ही त्याला ओरडताना ऐकलंत ना? ते माझं नाव न सांगण्यासाठी."

मग एतेल्विना आजी खाली आली, परकर खोचून त्याच्या शेजारी बसली आणि वेचायला लागली. तिच्यामागून बाकीच्या बायका आल्या. हेलासियो आला, आपली गोलकीपरची मोठाली बोटं घेऊन, त्याला एकेक दाणा धड उचलता येईना. ओलिवा चाळण घेऊन दारात उभी राहिली.

"फेकू नका," ती म्हणाली. "माती चाळून द्या. संप किती दिवस चालेल कोण जाणे, भाकरीला होईल."

आत पलंगावर सेनेनने डोळे उघडले. "बाहेर कोण आहे?"

"सगळे," ओलिवा म्हणाली. "दारातला मका वेचतायत."

तो म्हणाला, "सावकाश वेचा म्हणावं. मला कुठे जायचंय?"